आखाजीला लेकीची सही घेण्याआधी

प्रश्न : मी यावल तालुक्यातला निवृत्त माध्यमिक शिक्षक, वय ६९. वडील १९९८ साली वारले, आई २०११ ला गेली. वडिलांची चार एकर जमीन सातबाऱ्यावर अजून त्यांच्याच नावाने आहे. मला एकच बहीण, ती भुसावळला असते. 'मले काही नको, भाऊ' असं तिने तेव्हाच सांगून टाकलं होतं. २००३ मध्ये मी पगारातून तीन एकर घेतली, ती सौ.च्या नावावर. गावातलं घर आणि जळगावला १९९४ साली चाळीस हजारांत घेतलेला प्लॉट माझ्या नावे. ठेवी काही बँकेत, काही पतसंस्थेत. सगळीकडे नॉमिनी थोरला मुलगा. तो पुण्याला नोकरी करतो, धाकटा केळी सांभाळतो, मुलगी धुळ्याला दिली आहे. वारसा कर येणार असं ऐकतो. म्हणून सगळं दोन्ही मुलांना बक्षीसपत्राने देऊन मोकळं व्हावं आणि आखाजीला (अक्षय तृतीयेला) मुलगी आली की तिच्याकडून हक्कसोड लिहून घ्यावी, असा विचार आहे. शिवाय प्लॉटला तीस लाख येतायत, घेणारा निम्मे रोख देतो म्हणतो. कर किती बसेल? पेन्शन वर्षाला ४ लाख ८० हजार, व्याज १ लाख ८० हजार आणि केळीचे खर्च जाऊन ४ लाख राहतात. रिटर्न भरायलाच हवं का?

उत्तर :

गुरुजी, नमस्कार.

आधी कराचं सांगते, कारण तुमची सगळी घाई तिथून आली आहे. आई-वडिलांच्या पश्चात मुलांना वारशाने किंवा मृत्युपत्राने जे मिळतं, त्यावर आज भारतात कुठलाही कर नाही. इस्टेट ड्युटीचा (मयताच्या मिळकतीवरच्या कराचा) कायदा १९५३ साली आला आणि १९८५ साली उठला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वारसा कराची बरीच चर्चा झाली, तिथून ही धास्ती गावोगाव पोचली. कायदा मात्र झालेला नाही. हयातीत मुलांना, मुलीला किंवा बायकोला काही दिलं, तरी घेणाऱ्याला त्यावर प्राप्तिकर लागत नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, ही सूट कायम आहे. म्हणजे आज दिलं काय आणि तुमच्या पश्चात गेलं काय, मुलांच्या करात फरक पडत नाही. कराच्या भीतीने बक्षीसपत्र करायची काहीच गरज नाही.

आणि करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. महाराष्ट्रात राहतं घर आणि शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडाला किंवा जोडीदाराला बक्षीस द्यायची असेल तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. ही सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे, पण त्यामुळे ते फार सहज होऊन जातं. नोंदलेलं बक्षीसपत्र मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. उद्या मुलाने त्या घरावर कर्ज काढलं, सुनेशी बिनसलं, किंवा देव न करो, मुलगाच आधी गेला, तर तुम्ही दोघं ज्या घरात राहता त्यावर तुमचा शब्द चालणार नाही. तुमची मुलं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. वयाच्या सत्तराव्या वर्षी छप्पर आणि जमीन आपल्या हातात असावी, एवढंच म्हणते.

तरीही एखादी गोष्ट हयातीत द्यायचीच असेल, तर बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहा : घेणाऱ्याने आम्हा दोघांचा सांभाळ करायचा, दवाखाना पाहायचा, आणि आमच्या हयातीपर्यंत राहण्याचा हक्क आमचा. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ अशा अटीवरच उभं आहे. अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. अट कुठेच नसेल तर सुप्रीम कोर्टानेही एका आईला रिकाम्या हाताने परत पाठवल्याचा निकाल २०२२ चा आहे. जानेवारी २०२५ मध्ये मात्र त्याच कोर्टाने दुसऱ्या आईला जमीन परत मिळवून दिली, कारण सांभाळण्याचं वचन कागदावर होतं.

आता खरं दुखणं. तुमच्या पत्रात ते एका ओळीत उरकलं आहे : चार एकर अजून वडिलांच्या नावावर. ज्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तुमचं नावच नाही ती तुम्ही मुलांना बक्षीस देणार कशी? गेल्या काही वर्षांत धाकट्याला याचा त्रास झालाच असेल. सोसायटीचं पीककर्ज, केळीचा फळपीक विमा, पीएम-किसान, आता शेतकरी ओळख क्रमांक, सगळं सातबाऱ्यावरच्या नावाला बांधलेलं आहे. मयत माणसाच्या नावावर यातलं काही मिळत नाही.

वारस नोंद खर्चिक नाही. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज द्यायचा. ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइनही देता येतो. सोबत वडिलांचा आणि आईचा मृत्यू दाखला, वारसांची नावं-पत्ते आणि कोणी सुटलं नाही याचं शपथपत्र. तलाठी वारस नोंदवहीत नोंद घेतो, फेरफार (मालकी बदलाची नोंद) धरतो, नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. कायद्याने ही खबर तीन महिन्यांत द्यायची असते, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. सरकारने २०२५ मध्ये याच कामासाठी 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, ती तुमच्यासारख्याच खातेदारांसाठी होती.

या अर्जात बहिणीचं नाव लिहायचं. हे मी जोर देऊन सांगते, कारण खान्देशात निम्मे दावे इथूनच सुरू होतात असं वकील मंडळी सांगतात आणि मलाही ते पटतं. वडिलांच्या पश्चात विधवा, मुलगा आणि मुलगी सारखे वारस. आईही गेल्यावर तिचा हिस्सा तुम्हा दोघांत आला. साध्या हिशेबाने त्या चार एकरांत बहिणीचा हक्क निम्म्यापर्यंत जातो. '६० ला लग्न झालं', '९८ ला वडील गेले', 'तेव्हा कायदा नव्हता' ही उत्तरं आता चालत नाहीत. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला (तेव्हा फक्त अविवाहित मुलींना), केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या मुलींना दिला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की २००५ च्या त्या दिवशी बाप जिवंत असण्याचीही गरज नाही. 'मले काही नको' हे तिने मायेने म्हटलं असेल, पण जमिनीतला हक्क तोंडी सुटत नाही. तिला खरंच सोडायचं असेल तर आधी तिचं नाव सातबाऱ्यावर लागू द्या, मग दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. आणि तिला विचारा. इतक्या वर्षांत तिच्या घरची परिस्थिती बदलली असेल. एक एकर, किंवा त्याच्या किमतीची ठेव तिला दिलीत तर तुमच्या पुढच्या पिढीवरचं भुसावळचं एक संकट कायमचं टळेल.

आणखी एक पाहायचं. बापाकडून आलेलं सगळंच आपण वडिलोपार्जित म्हणतो, कायदा तसं मानत नाही. ती चार एकर वडिलांनी स्वतः घेतली होती की आजोबांकडून १९५६ च्या आधीच कुटुंबात होती, हे जुन्या फेरफारांत सापडेल. स्वतः घेतली असेल तर तुमच्या वाट्याला येणारा हिस्सा पूर्णपणे तुमचा, मृत्युपत्राने कोणालाही देता येईल. एकत्र कुटुंबाची असेल तर तुमच्या हिश्शात दोन्ही मुलांचा आणि मुलीचाही जन्मापासून वाटा आहे, आणि मृत्युपत्राने तुम्ही फक्त तुमच्या एकट्याचा वाटा देऊ शकता. यावल तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार काढायला एक दिवस मोडला तरी चालेल, पण हे कळल्याशिवाय पुढचा कागद लिहू नका. (नंदुरबार, अक्कलकुवा, शिरपूरकडच्या आदिवासी वाचकांसाठी : अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा आपोआप लागू होत नाही, त्यामुळे वरचं गणित तुम्ही तसंच्या तसं धरू नका.)

आता मुलगी. घर आणि प्लॉट तुमच्या कमाईचे आहेत. त्यांत तुमच्या हयातीत मुलीला हक्क नाही, मुलांनाही नाही. जो हक्क अजून जन्मलाच नाही तो सोडून देता येत नाही, त्यामुळे या दोन्हींबद्दल आखाजीला घेतलेली सही कायद्याने निरर्थक आहे. सही फक्त एकत्र कुटुंबाच्या जमिनीबद्दल कामाची, तीही तिने समजून-उमजून दिली तर. आखाजीला लेकी माहेरी येतात त्या झोक्यासाठी, सांजोऱ्यांसाठी, मायच्या कुशीत दोन दिवस झोपायला. त्या दोन दिवसांत तिच्यापुढे स्टॅम्प पेपर ठेवला तर ती कदाचित मुकाट्याने सही करेल. पुढच्या आखाजीला ती कोणत्या मनाने येईल, याचा विचार तुम्ही बाप म्हणून करा.

मला सुचतं ते असं. जमीन धाकट्याच्या हाताला चिकटलेली आहे. तिचे तीन तुकडे केले तर केळीची बाग कोणालाच नीट करता येणार नाही, ठिबकची लाइन आणि विहिरीचं पाणी वाटून पुरत नाही. तेव्हा जमीन धाकट्याला, प्लॉट किंवा त्याचे पैसे थोरला आणि मुलगी यांच्यात, आणि ठेवींतून जिथे कमी पडेल तिथे भर, अशी मांडणी करा. सगळ्यांना अगदी सारखं मिळणार नाही. का नाही, ते तिघांना समोर बसवून सांगा आणि मृत्युपत्रातही दोन ओळींत लिहा. आखाजीला बसायचं तर यासाठी बसा. एकत्र कुटुंबाच्या जमिनीचं वाटप सगळ्यांच्या संमतीने तहसीलदाराकडून जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली करून घेता येतं.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर, शक्य तर स्वतःच्या अक्षरात लिहा. तुमचं अक्षर तर गावाने फळ्यावर पाहिलंय. दोन साक्षीदार लागतात, दोघांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं. ज्यांना त्यातून काही मिळणार ते साक्षीदार नकोत, उगीच संशय येतो. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान निवडा. गट नंबर, क्षेत्र, घराचा मिळकत क्रमांक, प्लॉटचा सर्व्हे नंबर, ठेवींच्या पावत्या स्पष्ट लिहा. शेवटी एक वाक्य हमखास हवं : 'याशिवाय माझी जी काही मिळकत असेल ती अमुक यांना.' हे वाक्य नसल्यामुळे एखादं विसरलेलं खातं घरभर भांडण लावतं. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे जरूर करा, फी अगदी किरकोळ आहे. त्याच दिवशी डॉक्टरांचा 'मानसिक स्थिती उत्तम' असा दाखला जोडा. मृत्युपत्र हवं तितक्या वेळा बदलता येतं, शेवटचं चालतं. यावल-जळगावच्या मिळकतीला प्रोबेट (मृत्युपत्राला कोर्टाची मंजुरी) सक्तीचं नाही.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. ती तीन एकर तुम्ही तुमच्या हिशेबात धरली आहेत, पण ती वहिनींची आहेत. पैसे तुमचे असले तरी मालक त्या, आणि त्यांचं मृत्युपत्र त्यांनी स्वतः करायचं. नाही केलं तर त्यांच्या पश्चात ती जमीन मुलं, मुलगी आणि तुम्ही यांच्यात सारखी जाईल. दागिनेही त्यांचेच, कोणता कोणाला, हे त्यांनीच लिहावं. जळगावच्या सराफाच्या पावत्या असतील त्या एका पाकिटात ठेवा. १९९४ च्या सरकारी सूचनेप्रमाणे छाप्यातसुद्धा विवाहित स्त्रीचं ५०० ग्रॅमपर्यंतचं सोनं जप्त करत नाहीत, त्यामुळे घरातल्या सोन्याची काळजी करू नका.

प्लॉटचा हिशेब. चाळीस हजार ही खरेदी धरायची गरज नाही. २००१ च्या आधी घेतलेल्या मिळकतीला १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येते, त्या दिवसाच्या रेडी रेकनरपेक्षा (सरकारी दरपत्रकापेक्षा) जास्त नाही. नोंदणीकृत मूल्यांकनकर्त्याकडून दाखला घ्या. समजा ती दीड लाख निघाली. तीस लाखांतून दीड वजा, २८ लाख ५० हजारांवर १२.५ टक्के, म्हणजे ३ लाख ५६ हजार २५०, वर ४ टक्के सेस. दुसरा पर्याय महागाई निर्देशांकाचा : २०२५-२६ च्या ३७६ ने (म्हणजे ३.७६ पट) किंमत ५ लाख ६४ हजार होते, पण दर २० टक्के, म्हणजे ४ लाख ८७ हजार २००. तुम्हाला पहिलाच स्वस्त. बारा लाखांपर्यंतची रिबेट (करमाफी) या नफ्याच्या कराला मिळत नाही. कर वाचवायचा तर पूर्ण रक्कम तुमच्या स्वतःच्या नावाच्या नव्या घरात गुंतवावी लागेल, किंवा नफा सहा महिन्यांत पन्नास लाखांच्या मर्यादेतल्या सरकारी भांडवली नफा रोख्यांत पाच वर्षांसाठी ठेवावा लागेल. थोरल्याच्या नावाने पुण्यात फ्लॅट घेतला तर सवलत नाकारली जाण्याचा धोका आहे. मला विचाराल तर पैशांची निकड नसेल तर प्लॉट विकूच नका, मृत्युपत्राने जाऊ द्या.

निम्मे रोख तर अजिबात नको. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर जितकी घेतली तितकाच दंड आहे. पंधरा लाख रोख घेऊन पंधरा लाख दंड भरायची वेळ या वयात यायला नको. कधी शेतजमीन विकायची झाली, तर यावल-फैजपूर नगरपालिकेच्या हद्दीपासून २ किलोमीटर आणि भुसावळ-जळगावच्या हद्दीपासून ६ किलोमीटर, सरळ रेषेत, याच्या बाहेरची जमीन ग्रामीण समजली जाते आणि तिच्या नफ्यावर कर नाही.

रिटर्न मात्र भरा. पेन्शन आणि व्याज मिळून ६ लाख ६० हजार, त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट, उरले ५ लाख ८५ हजार. केळीचे ४ लाख करमुक्त आहेत, फक्त दर ठरवताना ते जोडून पाहतात. तसा हिशेब केला तर नव्या पद्धतीत कर १८,५०० निघतो आणि रिबेटने पूर्ण शून्य होतो. पण शेतीचं उत्पन्न पाच हजारांच्या वर असल्याने सोपा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. बरेच निवृत्त शिक्षक शेतीचा रकाना कोरा सोडतात. तसं करू नका, पुढे ठेवीतला पैसा कुठून आला हे सांगताना केळीच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) आणि दाखवलेलं उत्पन्नच कामी येतं. सातबारा वडिलांच्या नावावर असेल तर हेही सिद्ध करणं अवघड, म्हणून वारस नोंद पहिली. एका बँकेतलं व्याज वर्षाला लाखावर जात असेल तर टीडीएस कापू नये म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच फॉर्म द्या, आजवर ज्याला १५एच म्हणत आलो तो.

ठेवींवर थोरला नॉमिनी आहे म्हणजे पैसे त्याचे झाले, असं तुम्ही आणि कदाचित तोही समजत असाल. बँकेच्या दृष्टीने तो फक्त पैसे उचलणारा, वाटप वारसांत किंवा मृत्युपत्राप्रमाणे होतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी आणि प्रत्येकाची टक्केवारी लिहिता येते. पतसंस्थेतल्या ठेवीला पाच लाखांचं ठेव विमा संरक्षण नाही, ते फक्त बँकांना आहे, सहकारी बँका धरून. जळगाव जिल्ह्यातल्या ठेवीदारांनी याची किंमत मोजलेली आहे. तेव्हा पतसंस्थेतली प्रत्येक ठेव मुदत संपली की पुन्हा तिथे न ठेवता बँकेत आणा, वहिनींसोबत 'दोघांपैकी कोणीही' अशा संयुक्त नावाने, आणि नॉमिनीत तिन्ही मुलांची नावं टाका.